सातव्या आळीची आवळ

दोनला पाच मिनिटं कमी असली की नव्या सावरटोल्यातल्या बायका शेगडीवरचं दूध उतरवून ठेवत. न्हाणीघरात कोणी असलं तर बाहेरून हाक मारत, "आवरलं का? तोफ होते आता!" मग दोनच्या ठोक्याला टेकडीमागच्या कोळसा खाणीत सुरुंग उडत. पायाखाली हलकी थरथर होई आणि अकरा मजल्यांची ती इमारत अंग आवळून घेई. खांबांतून कण्हल्यासारखा आवाज निघे, दारं चौकटीत रुतून बसत, कपाटं ओढून उघडत नसत. हे सगळं जेमतेम एक मिनिट चाले, मग इमारत सैल होई आणि दूध पुन्हा शेगडीवर चढे.

त्या एका मिनिटाला सावरटोलेकर 'आवळ' म्हणत. पहिल्या वर्षी लोक भेदरून दोनच्या आधी दारं उघडून बसत. पण बाहेर सत्तेचाळीस अंशांचं ऊन असताना कूलरची थंड हवा कोण वाया घालवणार? दुसऱ्या उन्हाळ्यापासून दारं बंदच राहू लागली. माणूस कशालाही सरावतो, अन् सावरटोल्याची माणसं तर गाव सोडून इमारतीत राहायलाही सरावली होती. त्यांचं जुनं गाव खाणीने गिळलं, तेव्हा सगळ्या गावाला मिळून ही एक इमारत मिळाली. मजल्यांना मजले न म्हणता ते आळ्या म्हणत. पाटलांची आळी तिसरी, सुतारांची आळी आठवी.

इमारत सागाची आणि पोलादाची होती. सिमेंट भाजायला कोळसा लागतो, कोळशाला खाण लागते आणि खाणीला गाव लागतं, म्हणून नव्या वसाहती सिमेंटाविना बांधायचं सरकारने ठरवलं. सागाच्या पातळ फळ्या थरावर थर चिकटवून त्याचे कमरेएवढे जाड खांब केले होते. खांबाच्या पोटातून पोलादी ताणतारा गेल्या होत्या. वीज दिली की आकसणाऱ्या आणि वीज काढली की ढिल्या होणाऱ्या. खरी करामत मात्र सांध्यांत होती. खांब आणि तुळई जिथे भेटत, तिथे लाकडाला दोन बाजूंनी पोलादी पट्ट्यांनी कवटाळलेलं असे. वाळलेल्या सागातही थोडी ओल असतेच. त्या ओलीतून एका पट्टीकडून दुसरीकडे अगदी क्षीण वीज वाहत राही. खांबावर भार वाढला की लाकूड दबे आणि वीज वाढे, लाकूड किडलं की ती घटे. अशा रीतीने इमारतीला आपल्या प्रत्येक हाडाची खबर असे. हादरा बसला की ती साऱ्या सांध्यांना एकदा विचारून घेई, ठीक आहात ना? सगळ्यांकडून होकार आला की आवळ सुटे.

त्या मे महिन्याच्या दुपारी तोफ झाली, तेव्हा ऋषी मांडवकर सातव्या आळीच्या सांधाखोलीत होते. खोली कसली, पिंपाएवढी जागा. मधोमध चौथ्या क्रमांकाचा खांब, भोवती दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढी मोकळीक आणि आत यायला झाकणासारखं कमरेएवढं पोलादी दार, त्याला झाकणदार म्हणत. दोनच्या वेळी सांधाखोलीत थांबायचं नाही असा नियम दारावरच लिहिला होता. पण सुनयना मडावीला आवळ चालू असतानाच सांधा बघायचा होता. सुनयना ही वसाहतींच्या तपासणीची अभियंता, वय असेल तिशीचं. या सांध्यातून वाहणारी वीज, तिच्या भाषेत त्याचा आवाज, महिनाभर खोल जात चालला होता, म्हणून तिने तो ज्याने बसवला त्या माणसालाच सोबत आणलं होतं.

"हा तुमच्याच हातचा ना, काका?" तिने विचारलं होतं.

"मायाच," ऋषीजी म्हणाले होते आणि खांबावर कोरलेली करवतीच्या तीन दातांची खूण त्यांनी अंगठ्याने पुसून दाखवली होती. चौसष्टाव्या वर्षीही ती खूण दाखवताना त्यांची छाती दोन बोटं पुढे येई. ते जातीचे झाडे सुतार, घरातल्या चार पिढ्यांची खूण होती ती. या इमारतीवर काम करणाऱ्या सुतारांना त्यांनीच शिकवलं होतं. यंत्राने बसवलेल्या सांध्यापेक्षा या सुतारांचा सांधा केसभर जास्त घट्ट बसतो हे सिद्ध झालं, तेव्हापासून जिल्ह्यातल्या तेवीस वसाहतींचे सांधे माणसांच्या हातांनीच बसवायचे असं ठरलं होतं. ऋषीजींच्या आयुष्याची कमाई म्हणजे तो निर्णय.

थरथर आली. ताणतारा आवळल्या. खांब कण्हला. झाकणदार चौकटीत रुतलं. सुनयना हातातल्या विजेच्या पाटीवर उमटणारे आकडे बघत होती. मिनिट झालं, दुसरं झालं. तिसरंही गेलं.

"काय झालं?" ऋषीजींनी विचारलं.

"चौथा बोलत नाही." तिने पाटी त्यांच्यापुढे धरली. सगळ्या सांध्यांसमोर आकडे होते. सातवी आळी, खांब चार, तिथे मात्र एक आडवी रेघ. "इमारतीला वाटतंय, हा खांब गेला. आतून पोकळ झाला किंवा जळाला. म्हणून ती सोडत नाहीये."

ऋषीजींनी झाकणदाराला खांदा लावला. दार हललं नाही. सुनयनाने पाय टेकून जोर लावला. भिंतीला धक्का दिल्यासारखंच झालं.

पंधरा मिनिटांनी खांब पुन्हा कण्हला. इमारतीने सगळ्या तारा आणखी एक पेर आवळल्या होत्या. मेलेल्या खांबाचा भार ती शेजारच्या पाचव्या खांबाकडे वळवत होती. पाटीवर पाचव्यापुढचा आकडा एकावन्नवरून अठ्ठावन्न झाला.

"शंभर झालं की?"

"शंभरला पाचवा तडकेल," सुनयना म्हणाली. "मग त्याच्या डोक्यावर जे आहे ते सगळं..." तिने वाक्य पुरं केलं नाही. पाचव्या खांबाच्या डोक्यावर आठवी आळी होती. तिथे ऋषीजींची बायको शेवंता दुपारचा डोळा लावून पडली असणार.

भिंतीवरच्या फोनमधून देवतळे बोलले. देवतळे म्हणजे खालच्या नियंत्रण कक्षातला अधिकारी, भला पण घायकुतीला येणारा माणूस. पाचव्या आळीपर्यंतची दारं पहारी लावून उघडली होती, माणसं मैदानात काढली होती. त्याच्या वर दारं दगड झाली होती. सहा ते आठ या तीन आळ्यांमध्ये एक्केचाळीस माणसं होती. त्याच्याही वरचे लोक लग्नाला गेलेले, म्हणून वाचले. अग्निशामक दलाला चौकटी कापायच्या होत्या, पण एक चौकट कापली की तिचा भारही इमारत पाचव्यावर टाकणार.

"मॅडम, एकच मार्ग आहे," देवतळे म्हणाले. "चौथा खांब शाबूत आहे असं तुम्ही लिहून द्या. तुमचा शब्द इमारत मानते. सही करा, मी आवळ सोडवतो."

"आणि खांब खरंच पोकळ असला तर?"

"तेवढा विचार करायला वेळ नाही, मॅडम," देवतळे म्हणाले.

"इमारत माझ्या शब्दावर सगळा भार परत चौथ्यावर टाकेल, साहेब. तो पोकळ असला तर एका क्षणात सगळं खाली. वाळवी लागली असेल, थर सुटले असतील, मला काय माहीत? चांगला खांब गप्प का बसला याचं कारण सापडल्याशिवाय मी सही करणार नाही."

तिने फोन ठेवला आणि ऋषीजींकडे बघितलं. "काका, चांगलं लाकूड असं गप्प बसू शकतं का?"

ऋषीजींनी खांब बोटाच्या पेराने ठोकला. वर, मध्ये, खाली. भरीव, ठाम आवाज आला. "ठणठणीत हाय, मॅडम. आत कायबी झालं नाई. मी सांगून राहिलो ना, द्या लिहून."

"ठोकून वरची चार बोटं कळतात. आतलं?"

"चाळीस वर्सं लाकूड ठोकून राहिलो मी."

"मग कारण सांगा."

ऋषीजींनी मान वळवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. त्या अरुंद खोलीत त्यांना वाटलं, आपल्या मनातलं या पोरीला स्वच्छ दिसत असणार. कारण त्यांना ठाऊक होतं. पहिल्या रेघेपासून ठाऊक होतं.

साग आणि लोखंड या सवती, असं त्यांचे वडील सांगत. एकमेकींना भिडवलं की दोघी एकमेकींना खातात, लोखंड गंजतं आणि साग काळा पडून सडतो. म्हणून मध्ये तेलाचा एक हात द्यायचा. नांगराच्या फाळापासून बैलगाडीच्या चाकावरच्या धावेपर्यंत झाडे सुतारांनी तेलाच्या हाताशिवाय लोखंड कधी लाकडाला लावलं नव्हतं. बांधकामाच्या प्रशिक्षणात शहरातल्या साहेबांनी उलटं सांगितलं. सांधा कोरडाच हवा, काही लावायचं नाही, ओलीची वाट अडते. सुतारांनी माना डोलावल्या. साहेब काल आलेले, तेलाचा हात चार पिढ्यांचा.

आणि तेल तरी कुठलं? सावरटोल्याच्या वावरात निघालेल्या शेवटच्या जवसाचं. पुढच्या महिन्यात त्या वावरावर खाणीची यंत्रं फिरणार होती. शेवंताने स्वतः जवस झोडपलं होतं आणि घाण्यावरून दोन डबे तेल आणलं होतं. "घर जाऊन राहिलं, वावर जाऊन राहिलं," ती म्हणाली होती. "एवढं तरी नव्या घरच्या खांबाला लागू द्या." ऋषीजींनी ते सांध्यांना लावलं. पट्टी चढवण्याआधी, साहेब जेवायला गेले असताना, तळहाताने. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं होतं. गावातलं काहीतरी आपण इमारतीत आणलं असं वाटलं होतं.

पण जवसाचं तेल खोबऱ्याच्या तेलासारखं तेलच राहत नाही. ते सुकतं, त्याची साय धरते, पाच उन्हाळ्यांत ती साय चामड्यासारखी होते. तिच्यातून ओल जात नाही आणि वीजही जात नाही. सुताराला हे वेगळं शिकवावं लागत नाही, रंगाच्या डब्याच्या तोंडाशी ते त्याने हजारदा पाहिलेलं असतं. खांब पोकळ झाला नव्हता. त्याच्या तोंडावर ऋषीजींनीच हात ठेवला होता.

तिसरी आवळ आली. पाचवा सदुसष्टवर गेला.

खोलीतली हवा संपल्यासारखी झाली होती. पोलादी भिंतीला हात लागला की चटका बसे. सुनयनाने ओढणीने घाम पुसला, बाटलीतलं पाणी दोन घोट पिऊन उरलेलं ऋषीजींपुढे धरलं. त्यांनी ओठ ओले केले आणि बाटली परत दिली. तिचं पाणी प्यायचीसुद्धा त्यांना लाज वाटली.

तेवढ्यात खांबातून ठोके ऐकू आले. धीमे, जड, मधे सारखं अंतर ठेवून.

"वरून कोणीतरी ठोकतंय," सुनयना म्हणाली.

"वरवंटा हाय तो." ऋषीजींनी कान खांबाला लावला. "बायको माही. दार उघडून नाई राहिलं म्हणून खांबाले सांगून राहिली." त्यांनी हातोडीच्या दांड्याने तीन ठोके दिले. वरून तीन ठोके आले. बेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांचं यापेक्षा नीट बोलणं फार कमी वेळा झालं असेल.

"घाबरल्या असतील."

"ते? ते नाई घाबरत. रागावली असन."

सुनयना हसली. हसता हसताच तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "माझी आई घाबरट आहे. नव्या कोसंबीत असते. तिकडच्या खाणीची तोफ चारची. रोज पावणेचारपासून जपमाळ घेऊन बसते. मी तिला रोज सांगते, आई, आमची इमारत म्हणजे आजीचा पदर आहे, घट्ट धरते ते पडू नये म्हणूनच." तिने घड्याळ पुन्हा बघितलं. "आज काय सांगू तिला?"

ऋषीजी खांबाला टेकून खाली बसले. खोलीत पाय पसरायला जागा नव्हती आणि डोक्यातही नव्हती. बोलावं तर चार पिढ्यांची खूण मातीत जाणार. आपली एकट्याची गेली तर गेली, म्हातारं झालेलं माणूस. पण उद्या साहेब लोक म्हणतील, बघा, सुतारांच्या हातांवर भरवसा ठेवला. तेवीस वसाहतींतल्या सुतारांच्या हातातली पटाशी काढून घेतील आणि यंत्रं आणतील. दामोदर, किसना, बळीरामची दोन्ही लेकरं, सगळे त्यांनीच घडवलेले. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि न बोलावं, तर डोक्यावर वरवंटा ठोकत शेवंता.

एकच पळवाट होती, पोरीने सही करावी. खांब चांगला आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. सही केली की सारं सुटणार आणि कोणाला काही कळणार नाही.

"मॅडम, मायावर भरवसा ठेवा," ते म्हणाले. "हात जोडतो. खांब चांगला हाय. करा सही."

"काका, तुम्ही मघापासून चार वेळा हे म्हणालात. तुमच्या बायकोचा जीव वर आहे, तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला कळतं. पण तुमची खात्री मला कशी दिसणार? एक्केचाळीस माणसं आहेत. मला कारण द्या, मी डोळे मिटून सही करते."

चौथी आवळ. पंच्याहत्तर. पाचवी. त्र्याऐंशी. मध्ये देवतळेंचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा सुनयनाने तेच उत्तर दिलं. झाकणदाराच्या वरची कड आता किंचित वाकली होती. तीन वाजून गेले. सहाव्या आवळीला आकडा एक्क्याण्णव झाला आणि भिंतीपलीकडून आवाज आला. सुकलेलं लाकूड उभं चिरताना येतो तसा, पण खोलवरून. पाचवा खांब होता तो.

वरचा वरवंटा थांबला.

ऋषीजी उठून उभे राहिले. "तेल हाय," ते म्हणाले.

"काय?"

"सांध्यात तेल हाय. जवसाचं. मी लावलं. पट्टीच्या आतून." एकदा सुरू झाल्यावर त्यांनी सवती, वावर, डबा, साहेबांचं जेवण, सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, खांबाकडे बघितलं.

सुनयनाचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "सव्वा तास!" ती म्हणाली. "सव्वा तास तुम्ही माझ्यासमोर बसून ठोकून दाखवत होता. तुमची बायको वर आहे, काका! कोणासाठी गप्प बसलात?"

ऋषीजींनी वाकून हत्यारांची पिशवी जवळ ओढली.

"किती सांधे असे?"

"हा एकच," ऋषीजी म्हणाले. "डब्यात तेल एवढंच उरलं होतं."

हे खोटं होतं. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यांना ते परत घेता आलं नाही.

"दाखवा," सुनयना म्हणाली.

त्यांनी पिशवीतून पातळ पटाशी काढली. पट्टी आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत ती घातली, सुईत दोरा ओवावा तशी, आणि हलकेच फिरवली. पात्याबरोबर पिवळट तपकिरी पापुद्रा बाहेर आला. सुनयनाने तो बोटांत चुरगळला, तो चुरगळला गेला नाही. नाकाशी नेला. एवढ्या वर्षांनीही त्याला जवसाचा वास होता.

"सही करून भागणार नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आज मी सांगितलं तरी उद्या दोनला तो पुन्हा गप्पच राहणार. त्याला बोलतं करायला हवं. पट्टीला तपासणीची भोकं आहेत ना?"

"हायेत. खालच्या अंगाले दोन्ही पट्ट्यांना."

"त्यातून खिळा गेला तर साय फोडून लाकडात जाईल. खिळा पट्टीला टेकलेला राहील. वीज खिळ्यातून जाईल."

दाबाखालच्या सांध्यात खिळा ठोकणं म्हणजे सुतारासाठी महापाप. लाकूड चिरलं तर खांब खरोखरच मरणार. ऋषीजींनी दोन खिळे निवडले, त्यांची टोकं हातोडीने बोथट केली. टोकदार खिळा लाकडाला फाडत जातो, बोथट खिळा धागे चुरडत जातो आणि लाकूड चिरत नाही. हे कोणत्याही साहेबाने त्यांना शिकवलं नव्हतं. मग त्यांनी खिळा केसांतून फिरवायला हात वर नेला. डोक्याच्या तेलाने खिळा सुळकन जातो, सुताराची सवयच ती. हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी खिळा सदऱ्याला कोरडा पुसला.

जागा इतकी कमी होती की हातोडी वीतभरही मागे घेता येईना. बारीक बारीक ठोके देत पहिला खिळा गेला. घाम डोळ्यांत उतरत होता, सुनयनाने आपल्या ओढणीने त्यांचं कपाळ टिपलं. दुसरा खिळा अर्ध्यात अडला. भिंतीपलीकडे पाचवा पुन्हा चिरकला. ऋषीजींनी डोळे मिटले आणि हाताला कळेल तसं ठोकलं.

पाटीवरची आडवी रेघ लुकलुकली. तिच्या जागी आकडा आला. बावीस.

"बोलला!" सुनयना ओरडली. तिने खिळ्यांतून येणारी वीज मान्य केल्याची नोंद केली, फोनवर देवतळेंना कारण सांगितलं. इमारतीने सगळ्या सांध्यांना पुन्हा एकदा विचारलं. मग डोक्यावरून पायापर्यंत एक लांब उसासा उतरत गेला आणि झाकणदार आपसूक दोन बोटं बाहेर आलं.

बाहेरच्या सज्जात गरम वाराही गार लागला. वरच्या आळ्यांची दारं धडाधड उघडत होती, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. त्यातून शेवंताचा आवाज ओळखू आला. ती कोणालातरी फैलावर घेत होती. ऋषीजी जिन्याच्या पायरीवर बसले. रडू आलं ते त्यांनी आवरलं नाही.

सुनयना शेजारी बसून पाटीवर लिहीत होती. तिचा राग उतरला होता. "वाचून दाखवते," ती म्हणाली. "'एका सांध्यात बांधकामाच्या वेळी तेलाचा अंश राहिला. दोष स्थानिक, दुरुस्त केला.' तुमचं नाव घातलेलं नाही. खिळ्याची युक्ती तुमची, ते मात्र घातलंय. तेलाबद्दल पुढे कोणी विचारलं तर बघू. जा, काकू वाट बघतायत."

सुंठेवाचून खोकला गेला होता. खूण राहिली, दामोदर-किसनाच्या हातातली पटाशी राहिली. इमारतीतल्या उरलेल्या सांध्यांत रात्रीतून गुपचूप खिळे मारता आले असते. बाकीच्या वसाहतीही हळूहळू, एकेक करून. ऋषीजी कठड्याला धरून उठले. दोन पायऱ्या चढले. सुनयनाच्या मनगटावरच्या घड्याळात चारला सहा मिनिटं होती.

"मॅडम," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पोरी."

तिने वर बघितलं.

"नव्या कोसंबीचे खांब दामोदरनं बसवले. मायाच हाताखालचा. तेलाचा हात देल्याबिगर सांधा बसवायचा नाई आन् कोणाले सांगायचं नाई, असं मीच शिकवलं त्याले. सगळ्यांले. तेवीसही ठिकाणी." त्यांनी तिच्या पाटीकडे बोट केलं. "ते आधी लिव. माहं नाव घाल. पहिलं माहं."

सुनयनाने देवतळेंना फोन लावला, चारची तोफ थांबवा म्हणाली. देवतळेंनी खाणीला लावला. खाणीचा भोंगा होऊन गेला होता, माणसं सुरुंगांपासून लांब गेली होती, बत्ती देणारा फोन उचलत नव्हता. मग तिने आईला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. चार वाजले. इथे काहीच हललं नाही, कोसंबी पस्तीस किलोमीटरवर होती. वरून शेवंताने जिन्यात येऊन नवऱ्याला बघितलं, आणि दोघांचे चेहरे बघून तीही तिथेच पायरीवर टेकली.

चार वाजून चार मिनिटांनी फोन उचलला गेला.

"काय गं, एवढे फोन? जप चालू होता माझा."

"आई, तोफ झाली ना? आवळ सुटली का तिकडची?"

"सुटली असेल की. मी काही लक्ष नाही दिलं."

"दार उघडून बघ. बाहेरचं. आत्ता."

"अगं, पण झालंय काय?"

"बघ ना, आई!"

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपला फरशीवरून दाराकडे निघाल्या, म्हाताऱ्या माणसाच्या, सावकाश. कडी सरकली. सुनयनाने ऋषीजींचा हात केव्हा धरला हे तिला कळलं नाही, त्यांनाही नाही. तिघंही श्वास रोखून त्या दाराचा आवाज ऐकायला थांबली. उघडेल ना ते?